शपा: सालदाराच्या ओट्यावरून पाणिनीपर्यंत

जातीचा प्रश्न आज डाव्या सभांमध्ये मोकळेपणाने मांडला जातो. पन्नास वर्षांपूर्वी तसं नव्हतं. जात म्हणजे सरंजामशाहीचं उरलंसुरलं, वर्गलढा जिंकला की तीही जाईल, अशी समजूत होती. धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांना ती पटली नाही. कार्यकर्ते त्यांना ‘शपा’ म्हणत.

तेव्हाच्या पश्चिम खानदेशात १९२५ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण चित्रकलेचं, आधी बडोद्याचं कलाभवन, मग मुंबईचं जे. जे. तिथे १९४५च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि हातातला ब्रश पक्षाच्या कामी आला. पुढे धुळ्याला परतून कामगारांत, मग शेतकऱ्यांत आणि शेवटी साक्री-नवापूरकडच्या आदिवासींत त्यांनी काम केलं.

या पट्ट्यात एकाच शेतावर मालक आणि सालदार असतात. सालदार वर्षभराच्या बोलीवर राबतो, बहुतेक वेळा तो भिल्ल असतो. दोन एकरांचा कुणबी आणि हा सालदार दोघेही गरीब, पण पाण्याचा तांब्या एक नाही. त्यांना एकाच युनियनमध्ये बसवायचं कसं? माझ्या मते शपांच्या सगळ्या सिद्धांताचं मूळ या अडचणीत आहे.

उत्तर शोधायला १९६६ मध्ये, चाळिशी उलटलेला हा माणूस बडोद्याला जाऊन पाणिनीचं व्याकरण शिकला. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. भाषांतरांवर विसंबायचं नाही, मूळ ग्रंथच वाचायचे. व्याकरणात समाज कसा दडलेला असतो, याचा एक नमुना पाहा. ‘शूद्राणामनिरवसितानाम्’ हे पाणिनीचं सूत्र. सुतार-लोहार अशा शूद्रांचा समास एकवचनी होतो, चांडाळांचा मात्र अनेकवचनी. पाणिनीचा भाष्यकार पतंजली कारण देतो: ज्यांनी जेवलेलं भांडं घासूनही शुद्ध होत नाही, ते ‘निरवसित’, बाहेर काढलेले. वचनाच्या एका नियमात तांब्याचा तोच भेद दोन हजार वर्षांहून जुना सापडतो! इतिहासाचार्य राजवाड्यांनीही भाषेतून इतिहास खोदला होता आणि त्यांची अखेरची वर्षंही धुळ्यातच गेली.

जातीच्या प्रश्नावरून १९७८ मध्ये शपांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पक्षाच्या नावातच फुल्यांची परंपरा मार्क्सशेजारी आणून ठेवली. ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे नियतकालिक चालवलं. दास, शूद्र आणि मातृसत्ता यांवर लिहिताना जात, वर्ग आणि स्त्रीदास्य यांचा अंत एकत्रच करावा लागेल, अशी मांडणी केली. त्यांचं गद्य जड आहे, संस्कृत शब्दांनी भरलेलं. पण नेटाने वाचलं तर फळ मिळतं.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ते गेले. साक्री-नवापूरच्या डोंगरात वनजमिनीची लढाई त्यांच्या संघटनेने चालू ठेवली. जंगलात पेरलं म्हणून वनखातं पूर्वी दंड करायचं, पावती फाडायचं. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि गुन्ह्याचे तेच कागद वहिवाटीचा पुरावा ठरले. मळकट, घडीवर फाटलेल्या पावत्या पेटीतून निघाल्या आणि दाव्याच्या फाइलला जोडल्या गेल्या.