वालधुनीच्या तळाशी काय साचलंय?

अंबरनाथजवळ काकोळे इथे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळातला तलाव आहे. त्याचं पाणी आज शुद्ध करून रेल्वेच्या ‘रेल नीर’च्या बाटल्यांत भरतात. वालधुनी नदी याच डोंगराळ भागातून निघते. थोडं पुढे तिच्या काठावर शिलाहारांचं शिवमंदिर लागतं. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. तिथून उल्हासनगर ओलांडून ती कल्याणच्या खाडीकडे जाते, तोवर लोकांच्या तोंडी तिचा ‘नाला’ झालेला असतो. ही अवस्था गेल्या साठ-सत्तर वर्षांतली आहे.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतात. सगळं गमावून आलेल्या माणसांनी बराकींत, घरांत छोटे उद्योग उभारले. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच वाटतो. सांडपाण्याची सोय मात्र त्यांना कुणी करून दिली नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, अंबरनाथला रसायनांचे कारखाने वाढले. पुढे उल्हासनगरात जीन्सचा धंदा फोफावला, आणि धुलाई-रंगाईचं निळं पाणी थेट पात्रात येऊ लागलं.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा देशाच्या आधी, १९६९ मध्येच केला होता. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रणासाठी मंडळही आलं. म्हणजे कायद्याची वाट पाहावी लागली, असं या नदीबाबत म्हणता येत नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या जड धातूंची गोष्ट मैलापाण्यापेक्षा वेगळी आहे. मैलापाणी जिवाणू कुजवून संपवतात. क्रोमियम, शिसं, कॅडमियम संपत नाहीत. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, हौदातून निकेल आणि क्रोमियम येतं, रंगांतून आणि रसायनांतून इतर धातू. पाणी संथ झालं की ते मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात सल्फाइडशी बांधले जाऊन वर्षानुवर्षं राहतात. वरचं पाणी तपासलं तर आकडा कमी दिसू शकतो. म्हणून गाळ तपासल्याशिवाय नदी सुधारली असं कुणी म्हणू नये. पूर आला, गाळ ढवळला किंवा आम्लयुक्त सांडपाणी सोडलं, की तेच धातू पुन्हा पाण्यात उतरतात.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत रात्री रसायन ओतलं गेलं आणि विषारी वायूमुळे उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा कुठे नदीची बातमी झाली. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना मोठा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढे जीन्स धुलाईच्या कारखान्यांवरही कारवाई झाली.

निळं पाणी कारखाना बंद झाल्यावर थांबतं. तळाचा गाळ मात्र जिथल्या तिथेच राहतो, आणि नालेसफाईत उपसून काठावर टाकला तर पहिल्या मोठ्या पावसात परत पात्रात येतो.