उपनगरी काउंटीतील किशोरवयीन प्रसूतिदर (माँटगोमेरी, मेरीलँड)

पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षभरात किती बाळे जन्मली, हे सांगणाऱ्या आकड्याला किशोरवयीन प्रसूतिदर म्हणतात. अमेरिकेत तो देश, राज्य आणि काउंटी या तिन्ही पातळ्यांवर काढला जातो. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. महानगराला खेटून असलेल्या काउंट्यांचा तेथील आकडेवारीत वेगळा गट केला जातो. वॉशिंग्टन डीसीच्या उत्तरेकडील माँटगोमेरी ही त्यातलीच एक. 2020 च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे 10 लाख 62 हजार आहे. बेथेस्डा-पोटोमॅकमधले बंगले आणि व्हीटन-लाँग ब्रँचमधल्या भाड्याच्या सदनिका, सगळे या एकाच काउंटीत येते. म्हणूनच तिचा सरासरी दर राज्यापेक्षा कमी असला, तरी त्या सरासरीवर फार विसंबून चालत नाही.

लहान वयातले मातृत्व ही अलीकडची बिघडलेली चाल आहे, असा समज अमेरिकेतही आहे. प्रत्यक्षात देशाचा हा दर सर्वाधिक होता तो 1957 मध्ये, हजारी 96.3. तेव्हाच्या बहुतेक किशोरवयीन माता विवाहित होत्या. शाळा संपली की लग्न, लगेच पाळणा आणि उपनगरात हप्त्याने घेतलेले घर, असा तो क्रम होता, त्यामुळे कुणाला त्यात समस्या दिसली नाही. अविवाहित मुलीला मात्र ‘मावशीकडे गेली आहे’ असे सांगून दूरच्या प्रसूतिगृहात ठेवत आणि बाळ दत्तक दिले जाई. दिवस गेलेल्या मुलीला शाळेतून काढणे तर सर्रास चाले. 1972 चा शिक्षणातील लिंगभेदविरोधी कायदा आणि 1975 मध्ये लागू झालेले त्याचे नियम यांनी त्याला आळा घातला.

पुढे दर उतरला, 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चढला आणि 1991 मध्ये 61.8 वर पोहोचला. तिथून सुरू झालेली घसरण 2006-07 मधली छोटी उसळी सोडली तर थांबलेली नाही. 2023 मध्ये देशाचा दर 13 च्या आसपास होता. उपनगरे धरून मोठ्या शहरी काउंट्यांत 2007 ते 2015 या काळात तो 38.1 वरून 18.9 वर आला, म्हणजे निम्मा झाला. ग्रामीण काउंट्यांत तो 49.1 वरून 30.9 वरच आला. दोन्हीकडे घट झाली, पण दरी रुंदावली.

घट कशामुळे, यावर वाद भरपूर आहेत. मुली संयमी झाल्या, असे एक बाजू म्हणते. 1995 ते 2002 या काळातील गर्भधारणांच्या घटीचा एक बहुचर्चित अभ्यास मात्र तिचे 86 टक्के श्रेय गर्भनिरोधकांच्या चांगल्या वापराला आणि फक्त 14 टक्के लैंगिक संबंध लांबणीवर टाकण्याला देतो. एकूण घटीमागे एड्सची धास्ती होती, 2008 ची मंदी होती, आणि पुढे रोज आठवणीने गोळी घेण्याची गरज नसलेली तांबी व दंडात बसवायची कांडी यांचा वापर वाढला. गर्भपात वाढले म्हणून जन्म घटले, हे स्पष्टीकरण टिकत नाही, कारण याच काळात किशोरींचे गर्भपातही कमी झाले.

माँटगोमेरीत या वादाला शाळेचे आवार मिळाले. लैंगिक शिक्षणाच्या नव्या पाठांसाठी शाळा खात्याने सात मिनिटांची एक फीत तयार केली होती. तीत एक तरुणी काकडीवर कंडोम चढवून दाखवते. ही काकडी आणि समलैंगिकतेवरचा मजकूर यांवरून काही पालक कोर्टात गेले. मे 2005 मध्ये संघराज्य न्यायाधीशांनी पाठांना तात्पुरती स्थगिती दिली आणि शाळा मंडळाने ते मागे घेतले. सुधारलेले पाठ 2007 मध्ये वर्गात आले, तेही पालकांच्या सहीनिशी. मजा अशी, की मेरीलँडच्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलीला गर्भनिरोधक घेण्यासाठी पालकांची संमती लागतच नाही. म्हणजे दवाखान्यात जी गोष्ट एकटीच्या शब्दावर मिळते, तिची माहिती वर्गात मिळवायला तेव्हा घरची सही लागे. 2018 मध्ये काउंटीने हायस्कुलांच्या आरोग्य कक्षांत कंडोम उपलब्ध केले, त्यामागचे तातडीचे कारण गर्भधारणा नसून वाढते लैंगिक आजार हे होते.

काउंटीच्या लोकसंख्येत लॅटिनो साधारण एक पंचमांश आहेत आणि त्यांत एल साल्वाडोरहून आलेली कुटुंबे लक्षणीय आहेत. या समाजातील किशोरींचा प्रसूतिदर गोऱ्या मुलींच्या कितीतरी पट राहिला आहे. देशभर तो 1991 मध्ये 104.6 होता, 2021 पर्यंत 21 च्या आसपास आला, तरी त्या वर्षी गोऱ्या मुलींचा दर 9 च्या घरात होता. 2014 पासून मध्य अमेरिकेतून एकट्याने सीमा ओलांडलेली अनेक मुले वॉशिंग्टनच्या उपनगरांतील नातेवाइकांकडे आली. अर्धवट शाळा, कर्ज, कामाचे ओझे आणि विमा नसणे या गोष्टी दर वर ठेवतात. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे उत्तर सोपे आहे, पण एवढी मोठी घट त्याच समाजात झाली, याचा खुलासा त्यातून होत नाही.

आकडा वाचताना आणखी एक खोच लक्षात ठेवावी. जन्म आईच्या राहत्या पत्त्यावर मोजला जातो, इस्पितळाच्या नव्हे. मात्र वसतिगृहात राहणारे विद्यार्थी जनगणनेत कॉलेजच्या गावी मोजले जातात. सधन उपनगरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या अनेक मुली, ज्यांना इतक्यात मूल होण्याची शक्यता सर्वांत कमी, त्या छेदातून, म्हणजे ज्या एकूण मुलींच्या संख्येने जन्मांना भागतात तिच्यातून, बाहेर पडतात, आणि काउंटीचा दर आहे त्यापेक्षा थोडा जास्त दिसतो. विद्यापीठाच्या गावात नेमके उलटे घडते. शिवाय 15-17 आणि 18-19 हे दोन गट एकत्र वाचू नयेत: 2022 मध्ये देशात पहिल्याचा दर 5.6, तर दुसऱ्याचा 25.8 होता.

महाराष्ट्राशी तुलना करण्याचा मोह इथेच आवरावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील राज्याचा 7.6 हा आकडा टक्क्यांत आहे. तो पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या 15 ते 19 वयाच्या मुलींचे प्रमाण सांगतो, एका वर्षातले जन्म नव्हे. इथल्या अशा बहुतेक मुली विवाहित असतात, अमेरिकेत आज बहुतेक नसतात.