कयाक वळते ती कमरेने

पवना धरणात तासभर वल्हं मारलं आणि उजवा पाय जागेवर आहे की नाही तेच कळेना. पंगतीत मांडी घालून बसल्यावर येतात तशाच मुंग्या, फक्त इथे उठून पाय झटकायची सोय नाही. सी कयाक म्हणजे पाचेक मीटर लांब आणि जेमतेम 55-60 सेंटिमीटर रुंद होडी. मुरूडच्या समुद्रात नेण्याआधी पुण्याजवळ सराव करावा म्हणून मी तिच्यात बसलो होतो. आधी वल्ह्याला बोल लावला, मग वयाला. घोळ होता बैठकीत.

मांडीमागचे स्नायू वर बसण्याच्या हाडांना आणि खाली गुडघ्याच्या खालच्या बाजूला जोडलेले असतात. पाय सरळ ताणले की ते कमरेचं हाड मागे ओढतात आणि पाठीला पोक येतो. पुण्यात अय्यंगार पद्धतीने योगासनं केलेल्यांना यावरचा उपाय माहीत असतो: दंडासनात पाठ ताठ राहत नसेल तर खाली घोंगडीची घडी घ्या. कयाकमध्ये हीच युक्ती अंगाशी येते. बैठक दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी डगमगू लागते. म्हणून उंची वाढवायची नाही, गुडघे वाकवून बेडकासारखे बाहेर फाकवायचे. त्यासाठी मी पाय टेकवायचा आधार एक खाच जवळ आणला. फार जवळ आणला तर मांड्या होडीच्या छताखाली असलेल्या आधाराला सतत अडकून राहतात, तेही नको. बैठकीची पुढची कड मांडीखालच्या नसांवर दाबत होती, तिथे मांडीला आधार दिला. मुंग्या गेल्या.

पण खरी गंमत वळण्यात आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळते. चालती सी कयाक उलट वागते: उजवी कड पाण्यात दाबली की नाक डावीकडे जातं. उजवीकडची फुगीर बाजू जास्त बुडते, डावीकडची उचलली जाते, त्यामुळे पाण्यातला आकार केळ्यासारखा वाकडा होतो. हे घडवायला भार उजव्या कुल्ल्यावर घ्यायचा आणि डावा गुडघा वर, त्या छताखालच्या आधाराला दाबायचा. कुल्ला आणि बैठकीची बाजूची भिंत यांच्यात फट असेल तर कंबर आधी त्या फटीत घसरते, मग कुठे होडी कलते. तेवढ्यात लाट येऊन गेलेली असते.

फट भरायला मी आधी सोफ्याचा स्पंज चिकटवला. सांबारातल्या इडलीसारखं पाणी प्यायला तो! त्याचे बुडबुडे एकमेकांत उघडे असतात. जिममध्ये जमिनीवर अंथरतात त्या ईव्हीए फोमचे बुडबुडे बंद असतात, तो पाणी शोषत नाही. पाव कापायच्या सुरीने त्याच्या दोन बाजूंसाठी पट्ट्या कापल्या, सॅंडपेपरने घासल्या.

ग्रीनलंडचे इन्युइट शिकारी तर अख्खी होडीच अंगाच्या मापाने बांधत: लांबी साधारण तीन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांचं अंतर), रुंदी कंबर अधिक दोन मुठी.

आपली पट्टी किती घट्ट हवी? कुल्ला आणि फोम यांच्यात तळहात सपाट सरकला पाहिजे. होडी उलटली तर गुडघे जुळवताच माणूस सुटून बाहेर आला पाहिजे. लाइफ जॅकेट घालून, सोबत्याला शेजारी उभं करून, कंबरभर पाण्यात मी हे करून पाहिलं. डाव्या पट्टीने क्षणभर अडवलं. घरी येऊन ती अर्धा सेंटिमीटर घासली.