भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलींसाठी इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

बारावीला उत्तम गुण मिळवून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडून वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात. त्यातले ६०,००० थेट खात्यावर येतात, २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. एम.एस्सी. धरून जास्तीत जास्त ५ वर्षे. ‘शी’ म्हणजे ‘स्कॉलरशिप फॉर हायर एज्युकेशन’, त्यामुळे योजना मुलांनाही आहे. पण चंदगड-आजऱ्याहून कोल्हापुरात राहायला येणाऱ्या मुलीचा खोली-मेसचा बराच खर्च यातून निघतो. ‘फिजिक्स घेऊन पुढे काय?’ असं विचारणाऱ्या घरात हा आकडा आधी सांगा.

वय १७ ते २२ हवे. बारावीत राज्य मंडळाच्या पहिल्या १ टक्क्यात नाव हवे, नाहीतर जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० मध्ये क्रमांक हवा. १ टक्क्याची गुणमर्यादा अख्ख्या मंडळाची असते, कोल्हापूर विभागाची वेगळी नसते. बारावी झाली त्याच वर्षी पदवीला प्रवेश घ्यावा लागतो, गॅप घेतला की संधी गेली. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तहसीलच्या दाखल्यासाठी हेलपाटे नकोत.

खरा घोळ प्रवेशाच्या वेळी होतो. भौतिकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स, खगोलशास्त्र चालते; बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक्नॉलॉजी आणि इंजिनिअरिंग चालत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हे कळून उपयोग नाही, म्हणून कॉलेजचा फॉर्म भरतानाच शाखेचे नाव तपासा.

अर्ज इन्स्पायरच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, फोटो आणि मुलीच्या स्वतःच्या नावाच्या खात्याचा तपशील लागतो. सर्वांत नाजूक कागद म्हणजे कॉलेजचे शिफारसपत्र. ते पोर्टलवरच्या ठरलेल्या नमुन्यातच हवे, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का हवा. विभागप्रमुखांची सही किंवा साधे बोनाफाइड चालत नाही. नावाचे स्पेलिंग दहावी, आधार आणि पासबुकात एकच आहे ना, हेही पाहून घ्या. मुदत दरवर्षीच्या जाहिरातीत असते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

निवड झाली तरी पुढचे पैसे आपोआप येत नाहीत. दरवर्षी गुणपत्रिका आणि प्रगती अहवाल अपलोड करावा लागतो. २०,००० साठी सुट्टीत मार्गदर्शकाकडे प्रकल्प करून त्याचा अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र द्यायचे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात थिन फिल्म्सवर (पदार्थांच्या अतिशय पातळ थरांवर) वर्षानुवर्षे संशोधन चालते. तिथल्या प्राध्यापकांना परीक्षेच्या गडबडीआधीच, जानेवारी-फेब्रुवारीत भेटावे. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जागा मिळण्याची शक्यता वाढते.