फॅटी लिव्हर: सोनोग्राफीची ग्रेड आणि रक्तातली प्रथिनं (पार्श्वभूमी)

पुण्यात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ वाचून पेशंट धास्तावतात, ‘ग्रेड १’ वाचून निर्धास्त होतात. दोन्ही चूक. ग्रेड म्हणजे मूत्रपिंडाच्या तुलनेत यकृत किती पांढरं दिसतं, म्हणजे फक्त चरबीचा अंदाज. पुढचा धोका ठरतो फायब्रोसिसवरून, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू किती साचले त्यावरून, आणि त्याचे एफ० ते एफ४ हे टप्पे वेगळे. ग्रेड १ आणि एफ३ एकाच माणसात सापडतात. सिरॉसिस (यकृत तंतूंनी पूर्ण आकसणं, म्हणजे एफ४) झाल्यावर तर चरबी ओसरते आणि ग्रेड उतरलेली दिसते! हा शब्दांचा घोळ सगळ्यांत जास्त नुकसान करतो.

दारू न पिणाऱ्यांच्या या विकाराला १९८० साली नाव मिळालं ते बायोप्सीवरून, म्हणजे सुईनं काढलेल्या यकृताच्या तुकड्यावरून. पण सुईत येतो यकृताचा सुमारे ५०,०००वा भाग, म्हणून रक्तातल्या खुणा शोधणं सुरू झालं. मरणाऱ्या पेशींतून सुटणारे सायटोकेराटिन-१८ या प्रथिनाचे तुकडे सूज दाखवतात, पण त्यांचा सर्वमान्य कटऑफ (किती आकड्यापुढे धोका मानायचा) ठरला नाही. प्रो-सी३ ही दुसरी खूण नवं कोलॅजन, म्हणजे फायब्रोसिसचे तंतू, तयार होत असल्याचं सांगते.

ओपीडीत टिकला तो २००६चा फिब-४, साध्या रक्ततपासण्यांवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, मुळात एचआयव्हीबरोबर हेपटायटिस सी असलेल्यांसाठी काढलेला. वय गुणिले एएसटी (एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स). त्याला प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ यानं भागायचं. वय ४८, एएसटी ५२, एएलटी ६४, प्लेटलेट १.८ लाख असतील, तर २४९६ भागिले १४४०, म्हणजे १.७३. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत छापतात. सूत्रात १८० घालायचे. १.८ घातलं तर उत्तर १७३ येतं. १.३च्या खाली धोका कमी, २.६७च्या वर जास्त, मधल्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. पासष्टीनंतर खालची मर्यादा २. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की प्लेटलेट कमी मोजल्या जातात आणि फिब-४ खोटा चढतो. आधी स्मिअर (काचपट्टीवरचं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघावा.

२०२३ साली या विकाराचं नाव पुन्हा बदललं आणि चयापचयाचे निकष आले. आशियाई लोकांसाठी त्यातली बीएमआयची मर्यादा २३, इतरांपेक्षा कमी. ही सवलत योग्यच. पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं वजनाला कमी, पण चरबी राखून असतात, हे २००३मध्येच छापून आलं होतं.

उपचारांची लक्ष्यंही प्रथिनंच. पीएनपीएलए३ या प्रथिनाचा बदललेला प्रकार चरबीच्या थेंबांवर साचतो आणि चरबी विरघळू देत नाही, या धाग्याची सुरुवात २००८ची. भारतात २०२०मध्ये सॅरोग्लिटाझार या औषधाला या विकारासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत २०२४मध्ये यकृतातल्या थायरॉइड रिसेप्टर-बीटावर काम करणारं रेस्मेटिरॉम हे औषध आलं, तेही एफ२ आणि एफ३साठी. सोनोग्राफीच्या ग्रेडवरून ते लिहिता येत नाही.