बेने इस्राएल कबरस्ताने : पूर्वजांच्या कबरींची ओळख

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण, नवगाव या भागांत बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाची लहान, जुनी कबरस्ताने आहेत. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. त्यांचे वंशज पणजोबा-खापरपणजोबांची कबर शोधत येतात, तेव्हा हाताशी बहुधा एक नाव आणि एक आडनाव एवढेच असते. तेवढ्यावर कबर क्वचितच ओळखता येते.

आडनावावरून मूळ गाव कळते, पुरल्याची जागा नव्हे. मुंबईतले पहिले सिनेगॉग म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ (१७९६) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर यांचे आडनाव कोकणातल्या दिवे गावचे, संसार आणि कार्य मुंबईत, मृत्यू कोचीनला. इंग्रजी कागदांत हेच गृहस्थ सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून भेटतात. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. तसेच अबाजी म्हणजे अब्राहाम, मुसाजी म्हणजे मोशे. दोन्ही रूपे माहीत नसतील, तर शोधणारा नेमक्या दगडासमोरून पुढे निघून जातो. शिवाय तीच ती नावे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. म्हणून वडिलांचे, जमल्यास आजोबांचेही नाव आणि मृत्यूचे साल जुळल्याशिवाय ओळख पक्की धरू नये.

लेख हिब्रू, मराठी, इंग्रजी किंवा त्यांच्या मिश्रणात असतो. हिब्रू लेखाच्या सुरुवातीला बहुधा ‘येथे पुरले आहे’ या अर्थाची दोन अक्षरे आणि शेवटी पाच अक्षरांचा आशीर्वाद येतो. तो सगळीकडे सारखाच. नाव शोधायचे ते या दोहोंच्या मध्ये. प्रत्येक हिब्रू अक्षराला ठरावीक अंकमूल्य असते. हिब्रू कालगणनेचे सालही अशा अक्षरांतच कोरलेले असते आणि त्यातले पाच हजार पुष्कळदा गाळलेले असतात. अक्षरांच्या मूल्यांची बेरीज ६५० (म्हणजे ५६५०) आली तर त्यात १२४० मिळवून इ. स. १८९० मिळते. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे वर्षारंभीच्या महिन्यांतला मृत्यू १८८९चा ठरतो. मराठी लेखात शके दिले असेल तर ७८ मिळवावे, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत साधारणतः ७९. समाजातले पुष्कळ पुरुष मुंबई इलाख्याच्या पलटणींत होते. दगडावर सुभेदार किंवा जमादार असा हुद्दा दिसला तर लष्करी दप्तराची वाट मोकळी होते.

सर्वांत जुन्या कबरींवर अक्षरेच नाहीत. नवगावला समुद्रकाठी फुटलेल्या गलबतातील मृतांना पुरले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला, ही परंपरा आहे. तिथले पुरातन उंचवटे समाजाला पूज्य आहेत, पण त्यांत कुणा एकाचा पूर्वज वेगळा दाखवता येत नाही. जांभ्या दगडावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून लेखाची फरशी वेगळी बसवावी लागते. ती निखळली तर शेजारच्याच कबरीची समजली जाण्याचा धोका असतो. सुटी फरशी सापडल्यास ती ‘योग्य’ वाटेल तिथे नेऊन ठेवण्याचा मोह टाळावा आणि आहे त्या जागीच छायाचित्र घ्यावे.

अक्षरे वाचायला सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन सर्वांत चांगले. शेवाळ साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावे. अॅसिड, तारेचा ब्रश किंवा अक्षरांत खडू भरणे यांनी दगड कायमचा बिघडू शकतो. जिथे दगड मुका आहे, तिथे सिनेगॉगच्या नोंदवह्या, घरातले विवाहपत्र आणि गावात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण यांवरच भिस्त ठेवावी लागते.