जिभेला लगाम नाही, म्हणून लठ्ठ?

"तोंडावर ताबा ठेवा, वजन आपोआप उतरेल." लठ्ठ माणसाला हा फुकटचा सल्ला कुणीही देतं, कधी कधी डॉक्टरसुद्धा. खर्चापेक्षा जास्त कॅलरी पोटात गेल्या की चरबी साठते, एवढं त्यात खरं. पण जास्त खाल्लं का जातं? तिथे सल्ला गप्प.

1990 ते 2022 या काळात जगभरच्या प्रौढांमधलं लठ्ठपणाचं प्रमाण दुपटीहून वाढलं. इतक्या देशांतल्या लोकांचा मनोनिग्रह एकदमच ढासळला म्हणायचा?

संशोधक केविन हॉल यांचा अमेरिकेतला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 20 जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ; दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मेद, तंतू सारखेच आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेलं अन्न लोकांनी भराभर संपवलं, रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. वजन सरासरी 0.9 किलोनं वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं तीच होती!

त्यात भर म्हणजे वजन घटलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेतं, म्हणून उतरलेलं वजन पुन्हा वाढू न देणं आणखी अवघड.

व्यक्तीची जबाबदारी शून्य, असं नाही. पण ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या शीतपेयांवर कर लावला, तेव्हा कर वाचवायला अनेक कंपन्यांनी बाटलीतली साखरच कमी केली. पिणाऱ्याने त्यासाठी कसलाही निश्चय केला नव्हता.